पीडीएफ टाकली म्हणजे पुस्तक पोचलं असं नाही

हल्ली लायब्ररीवाल्यांच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, आमची इतकी इतकी पुस्तकं डिजिटल झाली. मी स्वतः एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते, जुन्या, पिवळ्या पडलेल्या, हात लावला की कोपरा तुटणाऱ्या पुस्तकांची पानं स्कॅनरपुढे उभं राहून उलटत बसणं किती कंटाळवाणं आणि जोखमीचं काम आहे हे मला चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे त्या मेहनतीला मी अजिबात कमी लेखत नाहीये. पण अशा वेळी मी एक प्रश्न विचारतेच. यातली किती पुस्तकं डोळ्यांनी न बघता वाचता येतात?

बहुतेक ठिकाणी समोरचा आधी जरा गोंधळतो आणि मग म्हणतो, हो मॅडम, पीडीएफ आहे ना, मोबाइलवर पण उघडते. उघडते, खरं आहे. पण स्कॅन केलेलं पान म्हणजे त्या पानाचा फोटो, बाकी काही नाही. अंध माणूस फोन किंवा कॉम्प्युटर वापरतो तो स्क्रीन रीडरच्या जोरावर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. बऱ्याचशा अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासूनच असतं, विंडोजवर एनव्हीडीए फुकट मिळतं (ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं, महागडं सॉफ्टवेअर विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही म्हणून, आज ते जगभर चालतं). ही सॉफ्टवेअरं मजकूर वाचतात आणि फोटोत मजकूर नसतोच, नुसते ठिपके असतात. त्यामुळे तीनशे पानांचं पुस्तक उघडलं की ऐकू येतं ‘ग्राफिक’, नाहीतर डॉक्युमेंट रिकामं आहे म्हणून सांगतं, आणि पुढच्या पानावर गेलं तरी तेच.

मराठीचं दुखणं तर याच्याही पुढचं आहे. समजा पुस्तक स्कॅन केलेलं नाही, चांगलं टाइप केलेलं आहे, तरी सुटका नाही, कारण आपल्याकडे वर्षानुवर्षं डीटीपी झालं ते युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फाँटांमध्ये. कृतीदेव घ्या. कृतीदेवमध्ये पडद्यावर ‘मराठी’ दिसतं तेव्हा फाइलच्या आत प्रत्यक्षात इंग्रजी ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं असतात, फाँट फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. डोळ्यांना काहीच फरक कळत नाही. स्क्रीन रीडर मात्र आत जे आहे तेच वाचणार, म्हणजे एक तर ती पाच अक्षरं सुटी सुटी म्हणणार नाहीतर त्यांचा एखादा निरर्थक इंग्रजी उच्चार करून पुढे जाणार. असा अख्खा परिच्छेद ऐकून बघा एकदा. आणि हे फक्त पुस्तकांपुरतं नाही, सूचना, अभ्यासक्रम, अर्जाचे नमुने, प्रश्नसंच, सगळं जुनं साहित्य याच प्रकारात अडकलंय.

बरं, युनिकोडमध्ये केलं तरी पीडीएफ बनवताना घोळ होतोच. आपली ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी पण साठवली जाते अक्षराच्या नंतर, रफार डोक्यावर दिसतो नंतरच्या अक्षराच्या पण असतो आधी. पीडीएफमध्ये बरेचदा आकार ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने राहतात, म्हणून ‘विद्यार्थी’ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलं की वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि रफार तुटून बाजूला पडतो. स्क्रीन रीडरला तेच तुटकं मिळतं. म्हणून माझं सगळ्या प्रकाशकांना, प्राध्यापकांना, ऑफिसातल्या लोकांना कळकळीचं सांगणं आहे की पीडीएफ पाठवताच आहात तर सोबत मूळ वर्डची फाइल, नाहीतर ईपब (ई-पुस्तकाचं खऱ्या मजकुराचं फॉरमॅट) द्या. पीडीएफ छापण्यासाठी चांगली आहे. वाचून ऐकण्यासाठी मराठीत ती अजूनही भरवशाची नाही.

मग करायचं काय, तर ओसीआर. फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. मराठीसाठी टेसरॅक्ट नावाचं ओसीआर सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि ज्यांना कमांड वगैरे नको वाटतं त्यांनी पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडली तरी बऱ्यापैकी मजकूर मिळतो. चांगल्या छपाईच्या पुस्तकाला निकाल खरंच सुंदर येतो. पण खिळ्यांच्या छपाईची जुनी पुस्तकं, पातळ कागद, मागच्या पानाची शाई इकडे उमटलेली, अशा ठिकाणी घ चा ध होतो, भ चा म होतो, अनुस्वार गळतात. आता डोळ्यांनी वाचणारा माणूस ‘मुलाना’ वाचून ‘मुलांना’ असणार हे क्षणात सावरून घेतो. ऐकणाऱ्यालाही सावरता येतं, पण दर ओळीला तीन तीन वेळा सावरायला लागलं तर तो अभ्यास करणार कधी? म्हणून ओसीआरनंतर प्रूफ वाचायलाच लागतं, स्कॅनिंगला जेवढा वेळ जातो त्याच्या कितीतरी पट वेळ प्रूफला जातो, आणि नेमकं याच कामाला कुठल्याही प्रकल्पात पैसे धरलेले नसतात. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हे. स्कॅनरला निधी मिळतो कारण स्कॅनर दाखवता येतो.

प्रूफच्या बाबतीत मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहाची पद्धत मला फार आवडते. तिथे पुस्तकाचं प्रत्येक पान वेगळं असतं, डाव्या-उजव्या बाजूला मूळ स्कॅन आणि मजकूर समोरासमोर, एकाने तपासलं की पानाचा रंग लालचा पिवळा होतो, दुसऱ्याने तपासलं की हिरवा. म्हणजे कुठलं पान किती भरवशाचं आहे ते उघड दिसतं आणि कुणीही घरबसल्या दिवसाला दोन पानं करू शकतं. अर्थात तिथे कॉपीराइट संपलेलीच पुस्तकं घेतात, आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं गेलेली. पण जुनं मराठी साहित्य केवढं तरी आहे. मराठी विश्वकोशाच्या नोंदीही वेबवर मजकूर म्हणून वाचता येतात, फोटो म्हणून नाही, आणि आमच्याकडचे अंध विद्यार्थी विश्वकोशावर एवढे का विसंबतात त्याचं हे एक साधं कारण आहे.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांनीच मला शिकवली, पान नंबर. आमच्याकडे इतिहासात एमए करणारी एक मुलगी आहे, जन्मापासून अंध. तिला एक पुस्तक आम्ही छान तपासून, वर्डमध्ये, शीर्षकं बिर्षकं लावून दिलं, तर ती वाचून आली आणि म्हणाली, “मॅडम पुस्तक एकदम मस्त झालंय पण मी संदर्भात पान कुठलं लिहू?” मजकूर सलग केला की मूळ पुस्तकाचे पान नंबर निघून जातात आणि बाकी सगळी मुलं तळटिपेत पृष्ठ ४७ लिहितात तेव्हा हिने काय लिहायचं, गाइड तर विचारणारच. तेव्हापासून आमच्या प्रत्येक फाइलमध्ये जिथे मूळ पान सुरू होतं तिथे पान नंबर वेगळ्या ओळीत असतो. डेझी नावाचं जे फॉरमॅट आहे त्यात तर याची सोयच असते, प्रकरणावर उडी मारा, पानावर उडी मारा, खूण ठेवा, आणि कान-डोळे दोन्हीला एकदम हवं असेल तर आवाजासोबत मजकूर पण.

याच मुलीने एकदा मला एका मोठ्या लायब्ररीचं ई-बुक पोर्टल तिच्या फोनवर चालवून दाखवलं. पोर्टल दिसायला देखणं, पुस्तक उघडलं की खऱ्यासारखं पान उलटतं, कागदाचा आवाज येतो. ती बोट फिरवत होती आणि टॉकबॅक म्हणत होता, बटण, लेबल नाही. बटण, लेबल नाही. बटण, लेबल नाही. सहा-सात बटणं अशीच. त्यातलं पुढच्या पानाचं कुठलं, बंद करायचं कुठलं, काही कळायला मार्ग नाही. ती म्हणाली की मी एकेक दाबून बघते आणि कुठलं काय करतं ते पाठ करते, पण साइट अपडेट झाली की क्रम बदलतो मग परत पहिल्यापासून. आणि त्या बटणांच्या मधोमध जे मुख्य पान उलटत होतं तिथे टॉकबॅक गप्प. त्याच्याही आधी लॉगिनला कॅप्चा होता, वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहा वाला, आवाजाचा पर्याय नाही, तो तिच्या धाकट्या भावाने घरून व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवला. एमए करणाऱ्या मुलीला रात्री अकरा वाजता एक पुस्तक उघडायला भावाला उठवायला लागतं हे मला अजिबात मान्य होत नाही. आणि ज्या बटणांना लेबल नव्हतं ती दुरुस्त करणं म्हणजे प्रत्येक बटणाला कोडमध्ये एक नाव देणं, प्रोग्रामरचं अर्ध्या दिवसाचं काम.

भाषेचंही तसंच. वेबपानाच्या कोडमध्ये अगदी वर पानाची भाषा लिहायची जागा असते, मराठी असेल तर तिथे एम आणि आर अशी दोन अक्षरं टाकायची. ती बघून स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो. कितीतरी मराठी साइटवर तिथे इंग्रजीचा कोड तसाच राहिलेला असतो, मग इंग्रजी आवाज देवनागरीसमोर गप्प बसतो नाहीतर एकेक अक्षर सुटं सुटं वाचतो. कॅटलॉगमध्ये वेगळीच अडचण. बऱ्याच लायब्ररींनी मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत भरलीयेत, प्रत्येकाने आपापल्या स्पेलिंगने, आणि अंध मुलं किंवा ज्यांचे हात नीट चालत नाहीत ती मुलं शोधताना बोलून टाइप करतात, जे देवनागरीत उमटतं. निकाल शून्य. पुस्तक कपाटात असतं. कोहा या लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी उत्तम चालते, तर निदान नव्या नोंदी तरी देवनागरीत करा आणि रोमन नाव जास्तीचं म्हणून ठेवा.

मी अंध विद्यार्थ्यांबद्दल जास्त लिहितेय कारण माझा रोजचा संबंध त्यांच्याशी येतो, पण हे तेवढ्यापुरतं नाही. ज्यांना थोडं दिसतं ती मुलं पान चारपट मोठं करतात, स्कॅन केलेलं पान मोठं केलं की प्रत्येक ओळ वाचायला डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे सरकवत बसावं लागतं, खरा मजकूर असेल तर ओळी आपोआप पडद्याच्या रुंदीत बसतात. डिस्लेक्सिया असलेल्यांना ऐकत ऐकत वाचलेलं सोपं जातं, ओळींमधलं अंतर वाढवता आलं की अजून बरं. ज्यांच्या हाताला कंप आहे त्यांना बारीक चौकोनावर नेमकं बोट टेकवणं जमत नाही आणि ओटीपीची वेळ संपून जाते. आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी लायब्ररी कशी वापरायची याच्या व्हिडिओला निदान टाइप केलेल्या मराठी ओळी तरी खाली हव्यात, सांकेतिक भाषेतला व्हिडिओ असेल तर फारच उत्तम. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त अपंग व्यक्तींची नोंद आहे, आणि तेव्हा मोजलेले प्रकार कमी होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती यादी २१ प्रकारांवर नेली.

आता कायद्याचं, कारण मीटिंगमध्ये हा विषय काढला की कुणीतरी लगेच कॉपीराइटची भीती घालतंच. सर, प्रकाशक केस करेल. नाही करणार. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ५२(१)(झेडबी) आलं. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करणं याला परवानगी लागत नाही, रॉयल्टी लागत नाही. आणि ही सूट फक्त अंधांच्या संस्थांना नाही, सरकारमान्य शैक्षणिक संस्था आणि सरकारमान्य लायब्ररी यांचं नाव त्या कलमाच्या स्पष्टीकरणात सरळ लिहिलेलं आहे. अटी दोन, नफा घ्यायचा नाही, आणि ती प्रत अपंग व्यक्तींकडेच राहील, बाजारात जाणार नाही, याची काळजी घ्यायची. आम्ही यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) किंवा सर्टिफिकेट बघून नोंद ठेवतो आणि फाइल त्या विद्यार्थ्यालाच देतो, संपलं. पुढच्याच वर्षी, २०१३ ला, माराकेशमध्ये याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. जे पुस्तक धरू शकत नाहीत किंवा डिस्लेक्सियामुळे छापील वाचू शकत नाहीत तेही त्या करारात येतात. एवढी चांगली तरतूद आपल्याकडे दहा-बारा वर्षं पडून आहे आणि लायब्ररीसायन्स शिकून आलेल्या मुलांना ती माहीत नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

कोर्टानेही आता स्पष्ट भूमिका घेतलीय. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सुगम्यतेचे, म्हणजे अपंग व्यक्तींना वापरता येईल अशी सोय करण्याचे, नियम नुसते शिफारस म्हणून ठेवून चालणार नाही, किमान काही गोष्टी सक्तीच्याच हव्यात. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात, जो मुळात केवायसी करताना डोळे मिचकावा म्हणणाऱ्या ॲपवरून सुरू झाला होता, कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरला. बँकेला जे लागू ते लायब्ररीच्या पोर्टलला का नसावं.

आणि सगळं आपल्यालाच शून्यापासून करायचंय असंही नाही. सुगम्य पुस्तकालय २०१६ पासून ऑनलाइन आहे, केंद्राचा दिव्यांगजन विभाग, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएस यांनी मिळून उभं केलेलं, छापील न वाचता येणाऱ्या कुणालाही सभासद होता येतं, पुस्तक डेझी, ईपब किंवा ब्रेलच्या फाइलमध्ये उतरवून घेता येतं. एखाद्या मुलाला ॲडमिशनच्या वेळीच त्याचं सभासदत्व करून दिलं तर त्याचं पहिलं वर्ष वाचतं. दुसऱ्या कुणी आधीच केलेलं पुस्तक तिथे आहे का हे बघायचं, नसेल तर आपण करायचं, अशी आमची पद्धत आहे.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. काही कंपन्या साइटवर कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह बसवून देतात, त्यावर दाबलं की अक्षर मोठं, रंग उलटे, कर्सर जाड, आणि सांगतात की झाली तुमची साइट सुगम्य. आमच्या एकाही विद्यार्थ्याला मी ते वापरताना बघितलेलं नाही. त्यांचा स्क्रीन रीडर, त्यांचं झूम, सगळं त्यांच्या फोनमध्ये आधीच लावलेलं असतं. त्यांना हवं असतं ते बटणाला नाव, शीर्षकाला शीर्षक म्हणून खूण (एनव्हीडीएमध्ये एच दाबत ते एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातात, आपण जशी नजर फिरवतो तसं), चित्राचं वर्णन आणि पुस्तकात खरा मजकूर. ते चिन्ह यातलं काहीच करत नाही. तो पैसा प्रूफ वाचणाऱ्यांना द्या.

नवीन ई-बुकचं पॅकेज घेताना विक्रेत्याला आधी विचारा की स्क्रीन रीडरवर चालतं का, आणि नुसतं हो ऐकून घेऊ नका, डेमोच्या वेळी एखाद्या अंध विद्यार्थ्याला मान देऊन, चहा देऊन, खुर्चीत बसवा आणि त्याच्याकडून चालवून घ्या. निविदेतच ती अट लिहा. एकदा पैसे भरून झाले की कुणी काही बदलून देत नाही. आणि स्वतःच्या साइटची तपासणी तर कुणालाही करता येते, माउस काढून ठेवा आणि फक्त टॅब आणि एंटर वापरून एक पुस्तक शोधून उघडून दाखवा. जिथे तुम्ही अडकलात तिथे तुमचा वाचकही अडकतो.

व्हॉट्सॲपचं राहिलंच. लायब्ररीच्या वेळा बदलल्या, पुस्तकं जमा करायची तारीख आली, की आपण नोटिस छापतो, सही घेतो, फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. टॉकबॅकला तो फक्त एक फोटो. त्याच नोटिसच्या चार ओळी खाली टाइप करा, बोलून टाइप केल्या तर दोन मिनिटंही लागत नाहीत. आमच्याकडे आता ग्रंथपाल सरच कुणी नुसता फोटो टाकला की खाली लिहितात, मजकूर टाका.

आमच्या प्रूफच्या गटात सध्या काही निवृत्त शिक्षिका आहेत, एनएसएसची मुलं आहेत, आणि कुठलं पुस्तक आधी करायचं हे ज्यांना वाचायचंय तेच विद्यार्थी ठरवतात. कथा, इतिहास, राज्यशास्त्र सुरळीत चाललंय. तक्ते आले की वेग मंदावतो, अर्थशास्त्रातला तक्ता ओळीओळीने ऐकून समजेल असा मांडायला पुन्हा पुन्हा विद्यार्थ्यासोबत बसावं लागतं. आणि मराठी माध्यमाच्या गणिताशी तर आम्ही अजून झगडतोय. समीकरणं ओसीआरमध्ये पार मोडतात, मॅथएमएलमध्ये (गणित मजकूर म्हणून लिहायच्या कोडमध्ये) लिहिली तर स्क्रीन रीडर वाचू शकतो हे माहितीय, पण मराठी वाक्याच्या मध्ये आलेलं समीकरण मराठीतूनच नीट ऐकू येईल असं आम्हाला अजून साधलेलं नाही. अकरावी सायन्सला ॲडमिशन घेऊ बघणारा एक मुलगा आमच्याकडे येऊन गेलाय, त्याला गणित सोडायचं नाहीये. कुणी हे काम केलं असेल, अर्धंमुर्धं का होईना, तर कृपया खाली लिहा, फाइल बघायला मी येऊन जाईन.